एकोणचाळीस मिनिटं

निवृत्त होणाऱ्या माणसाला निरोपसमारंभात घड्याळ भेट देण्याची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून प्रथम निघाली, त्याच्या विनोदबुद्धीला माझा साष्टांग दंडवत. ज्या वस्तूने चौतीस वर्षं माणसाला ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून फरफटत नेलं, तीच वस्तू शाल-श्रीफळाबरोबर त्याच्या हातात ठेवायची आणि वर 'आता आराम करा हं!' असं म्हणायचं. म्हणजे कैद्याची सुटका करताना जेलरने त्याला त्याचीच बेडी मुलामा देऊन भेट द्यावी, त्यातला प्रकार. मला मिळालेलं घड्याळ भिंतीवरचं होतं. त्याला लंबक होता, पण तो शोभेचा. सतत हलत राहायचा आणि त्याच्या हलण्यामुळे काहीच चालत नसे. आमच्या कचेरीत असे बरेच लोक होते, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ते घड्याळ मी नौपाड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टांगलं आणि 'आता उद्यापासून ताणून द्यायची' असं जाहीर करून झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला टक्क डोळे उघडले. गजर लावला नव्हता. गजर लावण्याची गरज नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच संपली होती. तो आतच कुठेतरी बसला होता, आणि आत बसलेल्या गजराचं बटण कुठे असतं ते कोणाला ठाऊक? शेजारी पाहिलं तर आमची ही उठून केव्हाच स्वयंपाकघरात गेलेली. म्हटलं, चला, हिला पहाटेची आवडच आहे.

(हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. ते पुढे माझ्या अंगावर येणार आहे.)

चौथ्या दिवशी तर कमालच झाली. कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरलो तो गोखले रोडवरून सरळ चालत स्टेशनात! आठ-सतराची वेळ झाली होती आणि पायांना कोणी सांगितलंच नव्हतं की मालक निवृत्त झाले. नेहमीच्या जागी, नेहमीच्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. गाडी आली, आमच्या ग्रुपने 'अरे, आले आले!' म्हणून आत ओढलं, आणि मी हातात कापडी पिशवी घेऊन मुलुंडला उतरलो. येताना कोथिंबीर मुलुंडची आणली. दोन रुपयांनी महाग पडली. शिवाय जाता-येता विनातिकीट प्रवास, तो वेगळाच.

हे ऐकल्यावर चिरंजीवांनी माझा ताबा घेतला. ते पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतात आणि शनिवार-रविवार आम्हाला सुधारायला येतात. ते म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे आता रोज दहा तास रिकामे आहेत. म्हणजे वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास. एवढ्यात माणूस एक परकी भाषा शिकतो, एक वाद्य शिकतो आणि पोटही कमी करतो." मी म्हटलं, तिन्ही एकदम? तर म्हणे, नियोजन पाहिजे. आणि त्यांनी नियोजन केलं! फ्रिजवर एक तक्ता लागला आणि फोनमध्ये एक ॲप बसलं. पाच ते पाच-वीस प्राणायाम. पाच-वीस ते सहा-वीस तलावपाळीला फेऱ्या. साडेसहा ते साडेसात जर्मन. मग पेटी. बाराला जेवण. दुपारी झोप बंद. चार ते सहा 'उपयुक्त वाचन'. दिवसभरात आठ पेले पाणी आणि दहा हजार पावलं. पेला राहिला की फोन कुरकुरायचा. फेरी राहिली की तो सांगायचा, 'आज तुम्ही कालच्यापेक्षा मागे आहात.' चौतीस वर्षांत माझ्या साहेबांनीही मला इतक्या वेळा हे ऐकवलं नव्हतं, आणि त्यांना तर त्याचा पगार होता.

एका रात्री अकरा वाजता फोन म्हणाला की, तीनशे दहा पावलं कमी आहेत. मी जेवणाच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो. सातव्या प्रदक्षिणेला ही दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं वाचायला मी शिकलो आहे, पण त्या रात्रीचं मला वाचता आलं नाही.

महिन्याभराने डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "घरी काही ताण?" मी म्हटलं, "जर्मन." त्यांनी कामाच्या ताणाने रक्तदाब वाढलेले शेकडो लोक पाहिले होते, पण सुटीमुळे वाढलेला मी पहिलाच असं म्हणाले. गोळी मात्र तीच दिली.

आता, वेळ वाया घालवू नये हे आपल्याकडे कोणी सांगितलंच नाही असं नाही. समर्थांनी दासबोधात चांगलं बजावून ठेवलं आहे. पण समर्थांनी पाण्याचे पेले मोजायला सांगितले नव्हते. आणि वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येचा सबंध अध्याय लिहिला, दुपारी झोपू नये असंही सांगितलं, तरी उन्हाळ्यात झोपायला हरकत नाही अशी पळवाट ठेवलीच. ठाण्याला बाराही महिने उन्हाळाच असतो हे त्या थोर माणसाला कळलं असतं, तर त्याने ती पळवाट आणखी रुंद केली असती, अशी माझी खात्री आहे.

तर ते 'उपयुक्त वाचन'. त्यासाठी मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो. १८९३ सालापासून ठाणेकर तिथे वाचतात आणि अधूनमधून डुलकीही घेतात. त्या परंपरेचा मी एक नम्र पाईक. तिथे जुन्या मुंबईबद्दलचं एक पुस्तक चाळताना मला एकदम माझे आजोबा आठवले. आजोबांपेक्षाही त्यांची दोन घड्याळं.

आजोबा नौपाड्यात राहायचे आणि मुंबई म्युनिसिपालिटीत कारकून होते. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात एक घड्याळ असे, डाव्यात दुसरं. दोन्ही चालू, दोन्ही बरोबर, आणि दोघांत एकोणचाळीस मिनिटांचं अंतर! लहानपणी आजीकडून हे ऐकताना मला वाटायचं, आजोबा जरा विक्षिप्त असावेत. ग्रंथसंग्रहालयातल्या पंख्याखाली मला कळलं की विक्षिप्त आजोबा नव्हते, सबंध मुंबई होती. आणि तो विक्षिप्तपणा आमच्याच गावाहून सुरू झाला होता.

त्याचं असं झालं. ठाण्याच्या माणसाला मिनिट म्हणजे काय याच्याशी पूर्वी फारसं कर्तव्य नव्हतं. दिवस साठ घटकांचा, घटका चोवीस मिनिटांची. तीही मोजायची ती लग्नाच्या मुहूर्ताला, पाण्यावर भोकाची वाटी सोडून. एरवी प्रहरावर भागत होतं. मुंबईला जायचं तर बैलगाडीने नाहीतर खाडीतून होडीने, आणि होडी भरती-ओहोटी पाहून सुटायची. भरती ही रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे त्या काळी दस्तुरखुद्द समुद्रच रोज लेट यायचा आणि कोणी त्याला लेटमार्क देत नसे!

मग १६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून एकवीस तोफांची सलामी घेऊन पहिली आगगाडी निघाली ती कुठे, तर आमच्या ठाण्याला. अंतर एकवीस मैल. पुढे तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मागे चौदा डबे. आत चारशे पाहुणे. जरा भागाकार करून पाहा. डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस माणसं! आज तेवढी नुसती दाराच्या दांडीला असतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, गाडी कल्याणपर्यंत गेली आणि खाडीतल्या होड्यांचं महत्त्व ओसरलं. पण त्या गाडीतून नुसते पाहुणे उतरले नाहीत. 'साडेतीन' नावाचा एक इसमही उतरला. तोपर्यंत दुपार असायची, तिसरा प्रहर असायचा. साडेतीन म्हणजे साडेतीनच, तीन-पस्तीस नव्हे, हे ठाण्याने त्या दिवशी प्रथम अनुभवलं. गाडी भरतीची वाट पाहत नाही.

आता पंचाईत अशी की साडेतीन कोणाचे? सूर्य डोक्यावर आला की बारा, हा साधा हिशेब. पण तो कलकत्त्याला आधी येतो आणि मुंबईला नंतर. प्रत्येक गावाचे बारा वेगळे. एवढ्या सगळ्या बारांचं रेल्वेने वेळापत्रक कसं करावं? तिने मद्रासची वेळ धरली. मद्रासला वेधशाळा होती आणि तिची वेळ कलकत्ता-मुंबईच्या अधेमधे पडत असल्यामुळे कोणाचीच फार गैरसोय नव्हती, किंवा सगळ्यांचीच थोडीथोडी होती. मुंबईची वेळ मद्रासच्या अर्धा तास मागे. म्हणजे स्टेशनात एक वेळ आणि स्टेशनाबाहेर दुसरी.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने ठरवलं की, मुंबई शहरानेही मद्रास टाईम पाळावा. लोक खवळले. मुंबईकर तसा लगेच खवळणारा नव्हे. गाडी वीस मिनिटं लेट झाली तर तो फक्त सुस्कारा टाकतो. पण 'तुझे बारा आम्ही सांगू तेव्हा वाजतील' असं कोणी म्हटलं तर माणूस काय करणार? सरकारने १८८३ साली हुकूम मागे घेतला.

मग १ जानेवारी १९०६ला आली आपली आजची प्रमाणवेळ, स्टँडर्ड टाईम. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आणि मुंबईच्या स्वतःच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे. दिवस वंगभंगाचे आणि स्वदेशीचे, सरकारवर आधीच राग. त्यात काही गिरण्यांतल्या कामगारांनी काम बंद ठेवलं, दगडफेक केली. त्यांचा हिशेब सोपा होता. घड्याळ पुढे केलं म्हणजे रोज पाऊण तास आधी, अंधारात, थंडीत कामाला जुंपायचं. कोणी म्हणेल, संध्याकाळी तेवढंच लवकर सुटतील की! पण गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे येऊ लागले होते, आणि दिवा असताना गिरणी संध्याकाळी लवकर सुटते यावर विश्वास ठेवायला कामगार तुमच्या-आमच्यासारखे शिकलेले नव्हते. मुंबई म्युनिसिपालिटीने त्याच वर्षी ठराव केला की, आमची घड्याळं मुंबईच्या वेळेवरच राहतील. आणि ती राहिली. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, १९५५ सालापर्यंत! कलकत्त्याने १९४८ साली हात टेकले. त्यानंतरही मुंबईने सात वर्षं काढली. मधे १९४२ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत सरकारने देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली होती. त्या तीन वर्षांत आजोबांचं डोकं ठिकाणावर कसं राहिलं, याचं मला आश्चर्य वाटतं.

कारण आजोबांना रोज दोन्ही वेळांमधून प्रवास करावा लागे. गाडी स्टँडर्ड टाईमने सुटायची आणि कचेरी मुंबई टाईमने भरायची. आमच्या घरी आजी 'नवे नऊ' आणि 'जुने नऊ' म्हणत असे. नवे नऊ वाजले की पान मांडायचं. जुने नऊ वाजायचे तेव्हा आजोबा ठाणे स्टेशनवर उभे. बोरीबंदरला उतरून ते समोरच्या म्युनिसिपालिटीच्या पायऱ्या चढले की एकोणचाळीस मिनिटं मागे जायचे! रोज सकाळी एवढं आयुष्य फुकट परत मिळायचं आणि संध्याकाळी गाडीत बसताना परत द्यावं लागायचं. मधल्या वेळात ते म्हणे पान जमवून खायचे. लग्नपत्रिकांवर मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' असं छापत, ते याचसाठी. नाहीतर मुंबई टाईमवाले पाहुणे अंतरपाट निघाल्यावर अक्षता हातात घेऊन यायचे. १९५५ साली ती भानगड संपली आणि आजोबा त्याच वर्षी निवृत्त झाले. घड्याळ पुढे करायला नको म्हणून, असं आजी म्हणायची.

मी कागदावर गणित मांडलं. प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी अंशांवर, ठाणं त्र्याहत्तरच्या जरासं अलीकडे. म्हणजे ठाण्याचे खरे बारा वाजतात ते घड्याळात साधारण बारा-अडतीसला. ऋतुमानाप्रमाणे थोडं मागेपुढे. (मुंबईपेक्षा अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त आधी, बरं का! ठाणेकर मुंबईकराच्या पुढे असल्याचा हा एक तरी शास्त्रीय पुरावा.) तक्त्यातल्या बाराच्या जेवणाला मला भूक का लागत नव्हती, ते आता कळलं. माझं पोट स्थानिक वेळेवर होतं. ते आजोबांवर गेलं आहे.

मला इतका आनंद झाला की, त्या दिवशीचा सातवा पेला प्यायचा राहून गेला. पण खरा धक्का पुढेच होता. त्याच कपाटात मला नारायण मेघाजी लोखंडे भेटले.

लोखंड्यांचं घराणं पुणे जिल्ह्यातलं आणि जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा, असं सांगतात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि आपल्याकडच्या कामगार चळवळीचा पाया घालणारा माणूस. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार लोकांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या पाहा. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास मधली सुटी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज वाचताना वाटतं, यात मागण्यासारखं काय आहे? साडेसहा ते सूर्यास्त हे तर बारा-बारा तास होतात! पण ते कमी करून मागितलेले तास होते, हे ध्यानात आलं की घशाशी काहीतरी अडकतं. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही उठून बोलल्या. आणि १० जून १८९०ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. साहेबाच्या चर्चमुळे सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. गिरणीला तो या माणसाने मिळवून दिला. १८९७च्या प्लेगात लोखंडे गेले. २००५ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. मी जन्मभर रविवारी मटार सोलत बसलो, दुपारी घोरलो, पण या गृहस्थांची मला एकदाही आठवण झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. मी हे सगळं हिला सांगायला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. साडेअकरा वाजले होते, नवे. चिरंजीव आलेले, त्यामुळे श्रीखंड, बटाट्याची भाजी आणि पुऱ्यांचा घाणा चालू. मी रंगात येऊन रेसकोर्सवरची सभा उभी केली. 'आणि बरं का, दोन बायकाही बोलल्या!' असं म्हणून थांबलो.

तिने झारा बाजूला ठेवला.

"त्या सभेला गेल्या, त्या दिवशी घरी स्वयंपाक कोणी केला?"

मी म्हटलं, असं पुस्तकात देत नाहीत.

"आणि जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली, ती त्या दोघींना घरीपण मिळाली का फक्त गिरणीत?"

चिरंजीव बाहेरून हसले. मीही हसलो. ती हसली नाही. तिने गॅस बंद केला, जे पुऱ्या अर्ध्यावर असताना तिने कधी केलेलं नाही, आणि म्हणाली, "अहो, निवृत्त तुम्ही झालात. मी अजून पावणेपाचला उठते."

मी म्हटलं, "पण तुला पहाट आवडते ना?"

"मला? कोणी सांगितलं?"

आता कोणी सांगितलं हे कसं सांगू? मीच मला सांगितलं होतं. ती म्हणाली, "लग्नाआधी मी रात्री एक-एकपर्यंत वाचत बसायची. आई ओरडायची. सकाळी आठाशिवाय माझा डोळा उघडायचा नाही. तुमची आठ-सतरा होती म्हणून उठायला लागले. नळाला पाणी पाच ते सहा, मग डबा, मग याची शाळा. आता गाडी नाही, डबा नाही, तर तुम्ही प्राणायामाला उठता आणि पंखा बंद करता!"

मी पुढच्या खोलीत येऊन बसलो. लंबक हलत होता. सवयीने हिशेब केला. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस धरले तर बत्तीस वर्षांत नऊ हजारांच्या घरात डबे. नऊ हजार पहाटा, ज्या मी तिच्या आवडीखाती जमा करून टाकल्या होत्या. मी आठ-सतराला शिव्या देत होतो तेव्हा ही आठ-सतरा कोणाच्या झोपेवर चालते, हे मी कधी विचारलं नव्हतं. गिरणीमालकांनी निदान साडेपाच हजार सह्या पाहिल्या. माझ्याकडे कोणी कागदसुद्धा आणला नव्हता, म्हणून सगळं ठीक आहे अशी माझी समजूत.

कागद दुपारी आला. फ्रिजवरचा तक्ता काढून तिने त्याच्याच पाठीवर लिहिलं होतं. रविवारी स्वयंपाकघर बंद. पहाटेचा चहा ज्याचा त्याने. रात्री दिवा तिच्या मर्जीने. दुपारी दोन ते चार दाराची बेल वाजली तरी ती उठणार नाही. पंधरा तारखेच्या आत पगाराचा मुद्दा तिने घातला नव्हता, मी तो विनोदाने सुचवला, तर म्हणाली, "घालू?" मी मुकाट्याने सही केली. साक्षीदार म्हणून चिरंजीवांनी केली आणि आठवड्याभराने फोन करून 'बाबा, तुमचं ॲप बंद का दिसतंय?' असं विचारलं. मी म्हटलं, "संप आहे."

आत बसलेला माझा गजर काही निघालेला नाही. मी अजून पावणेपाचला उठतो. मांजरासारखा बाहेर येतो, चहा करतो. पहिले दोन आठवडे तो चहा नव्हता, पण मीच करणारा आणि मीच पिणारा असल्यामुळे तक्रार कोणाकडे नेणार? मग गॅलरीत बसतो. राम मारुती रोड त्या वेळी किती रुंद आहे, हे मला साठ वर्षं नौपाड्यात राहून माहीत नव्हतं. दुधाचे क्रेट आपटतात, कोपऱ्यावर पोरं वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडवून पुरवण्या आत सारतात, स्टेशनाकडून गाडीचा भोंगा येतो. मी काही शिकत नाही, काही मोजत नाही. तलावपाळीला जातो, पण उजाडल्यावर, आणि फेऱ्या किती झाल्या ते बरोबरच्या मंडळींच्या गप्पांवर अवलंबून. आठ-सतराचा ग्रुप अधूनमधून खालून हात करतो. ही साडेसातला उठते. ठाण्याच्या खऱ्या वेळेने पाहिलं तर ते सात वाजायच्या आतच होतं, असं मी तिला एकदा समजावून सांगितलं. तिला त्या माहितीची गरज नव्हती.

रात्री साडेनवाला माझे डोळे मिटतात तेव्हा ती पुस्तक उघडते. ग्रंथसंग्रहालयातून आता तिच्यासाठीही पुस्तकं आणतो. 'उपयुक्त' कपाटाकडे फिरकायचं नाही अशी ताकीद आहे. रविवारी आम्ही मामलेदार कचेरीजवळ मिसळ खातो. ती तिखट मागवते. मी मध्यम. हेही बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. मी दोघांना मध्यम सांगायचो. रक्तदाब पाहून डॉक्टरांनी विचारलं, जर्मन सुटलं का?

निरोपाचं घड्याळ मी एके दिवशी स्टुलावर चढून एकोणचाळीस मिनिटं मागे केलं. ही म्हणाली, "असले पोरखेळ करून काय मिळतं?" पण पुन्हा पुढे केलं नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सोसायटीच्या पावत्या घेऊन बरोबर चारला आले. भिंतीकडे पाहून म्हणाले, "तुमचं घड्याळ मागे पडलंय. तीन-एकवीस दाखवतंय."

मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, "त्याचं असं आहे, १८८१ साली सर जेम्स फर्ग्युसन—"

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, अजून चार वाजायचेत. त्यांना सांगा, जाताना दार हळू लावा."